मोज्यातली अंडी

मेरेआनाच्या पाठीवरच्या पिशवीत सहा लोकरी मोजे होते आणि प्रत्येक मोज्यात तिच्या घरच्या कोंबड्यांची चार-चार अंडी. जंगलातल्या सायकलवाटेवर अंडी घेऊन उतरणारी बाई दिसली की बाहेरगावचे सायकलवाले थांबून फोटो काढतात. आमच्या मांगातुईच्या खोऱ्यात कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. स्टोट पकडायचा तर अंडं लागतं, आणि अंडं सापळ्यापर्यंत न्यायचं तर मुळांवरून, दगडांवरून, ओढ्यातून न्यावं लागतं. फुटलं तर वाटेला दोष द्यायचा नाही, हा मेरेआनाचा नियम होता. ती छप्पन्न वर्षांची होती, शाळेची बस चालवायची आणि तिच्या बसमध्ये मोठी पोरंसुद्धा आवाज चढवत नसत.

स्टोट म्हणजे मुंगसाच्या चणीचं, हातभर लांब, दिसायला गोजिरवाणं जनावर. कुणा शहाण्याने सशांचा बंदोबस्त करायला म्हणून जुन्या काळी ते बोटीतून इथे आणलं. सशांनी त्याला हिंग लावून विचारलं नाही, पण नदीकाठी जमिनीवर घरटी करणाऱ्या आमच्या पक्ष्यांचा त्याने फडशा पाडला. म्हणून गावाने नदीच्या दोन्ही काठांना लाकडी पेट्या मांडल्या आहेत. पेटीत पोलादी सापळा, त्याच्यामागे अंडं, आणि वर स्क्रूने बसवलेलं झाकण. पेट्या मांडणं सोपं असतं. महिन्याच्या महिन्याला त्यात ताजं अंडं ठेवायला जाणारा माणूस मिळणं अवघड, आणि तो माणूस बहुतेक वेळा मेरेआनाच असायची.

आज तिच्याबरोबर इहाया होता. इहाया तिचा चुलतभाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा, पोट सुटलेला आणि तोंड त्याहून सुटलेलं. त्याने यंदा बॅटरीवर चालणारी डोंगरी सायकल घेतली होती आणि तिचं कौतुक ऐकून ऐकून खोऱ्याचे कान किटले होते.

"सिस, जरा दमानं! माझी बॅटरी तापतेय."

"बॅटरी तापतेय की तू?"

"दोघं. आम्ही एकजीव झालोय."

वाट रस्त्याच्या टोकापासून सुरू होते. नदीच्या अलीकडच्या काठाने उंच रिमू वृक्षांच्या आणि झाडाएवढ्या नेच्यांच्या जंगलातून ती अठरा-वीस किलोमीटर खाली उतरत वाटसरूंच्या झोपडीपर्यंत जाते. तिथे झुलत्या पुलावरून पलीकडे जायचं आणि पलीकडच्या काठाने तितकंच वर चढत यायचं. शेवटी नदी पसरट होते, तिथे पांढऱ्या दगडांमधून गुडघाभर पाण्यात सायकल खांद्यावर घेऊन ओलांडली की फेरा पुरा होतो. पलीकडची वाट म्हणजे कड्यात कोरलेली अरुंद पट्टी आहे. ती सगळे चढतच जातात, उतरायला कुणी धजावत नाही.

पांढऱ्या दगडांच्या खाली थोड्याच अंतरावर दोन कडे जवळ येतात आणि नदी मधून अंग चोरून निघते. त्या जागेला आम्ही चिमटा म्हणतो. सकाळी तिथे पोचल्यावर मेरेआना सायकलवरून उतरली आणि काठाशी जाऊन उभी राहिली. पाण्यातल्या खडकावर एकटा फिओ बसला होता. फिओ म्हणजे आमचं निळं बदक, खळाळत्या पाण्यात राहणारं, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारं. हा नर होता. त्याने मान वर करून बारीक शीळ घातली, फि-ओ.

"एकटाच आहे," इहाया म्हणाला. "म्हणजे बायको अंड्यांवर बसली. छानच की! नवरा बाहेर उभा राहून शिट्ट्या मारतोय आणि बायको घरात गुरगुरतेय. आमच्या घरी असंच असतं."

मेरेआना हसली नाही. मागच्या वर्षीही हा नर असाच एकटा त्या खडकावर बसला होता. तेव्हाही सगळे म्हणाले होते, मादी अंड्यांवर आहे. तीन आठवड्यांनी मेरेआना पलीकडच्या कपारीत वाकून पाहायला गेली, तर आत पिसं होती आणि फुटकी टरफलं होती. नर बिचारा तेवढे दिवस रिकाम्या घराची राखण करत होता. ती त्या दिवशी कपारीपाशी बसून ढसाढसा रडली होती आणि घरी येऊन कुणाला सांगितलंही नव्हतं. यंदा खालच्या अंगाकडून दुसरी मादी आली, जोडी जमली. वरच्या नदीत एवढी एकच जोडी उरली होती.

आणि नेमक्या यंदाच पलीकडच्या काठाच्या पेट्या रिकाम्या होत्या. हिवाळ्यात दरड कोसळून ती वाट बंद पडली होती, ती मोकळी झाली गेल्या आठवड्यात. उद्यापासून मोठा पाऊस सांगितला होता. एकदा नदी चढली की तीन-चार आठवडे पलीकडे पाऊल टाकता येत नाही, आणि मादी बसते साधारण तेवढेच दिवस. म्हणजे चिमट्याभोवतीच्या सहा पेट्यांत अंडी पडायची ती आजच पडायला हवी होती.

"मी मागेच म्हणालो होतो," इहाया म्हणाला. "पलीकडच्या पेट्या उचला आणि अलीकडे मांडा. तिकडे जीव धोक्यात घालून जातं कोण?"

"मी जाते."

"तू जातेस म्हणून तर आम्हाला यावं लागतं."

अलीकडची उतरण मेरेआनाला पाठ होती. ओली मुळं आडवी कापायची, त्यांच्यावर असताना ब्रेकला हात लावायचा नाही, वळणावर वजन मागे टाकायचं आणि सायकलला खाली हव्या तशा उड्या मारू द्यायच्या. सायकल नाचली तरी पाठ नाचता कामा नये. तिच्या गुडघ्यांना आणि कोपरांना ही विद्या अवगत झाली होती. पेटी आली की उतरायचं, झाकण उघडायचं, जुनं अंडं झुडपात भिरकावायचं, सापळा घासून ताजं अंडं ठेवायचं, झाकण बंद, पुढे. इहाया तोवर सायकलला टेकून गप्पा मारायचा. तरुणपणी गावच्या रग्बी संघात बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकायचं काम त्याच्याकडे होतं. त्याचा एकही चेंडू कधी वाकडा गेला नाही, ही गोष्ट खोऱ्यातल्या कुत्र्यांनासुद्धा तोंडपाठ होती. ती त्याने आज पुन्हा दोनदा सांगितली.

झोपडीपाशी पोचेपर्यंत तिचे मोजे रिकामे झाले होते आणि एकही अंडं फुटलं नव्हतं. पलीकडच्या काठासाठीची अंडी तिने दोन आठवड्यांपूर्वीच इथल्या फळीवर आणून ठेवली होती, कारण सगळा भार एकदम आणला तर फुटायचा धोका. तिने मोठ्या समाधानाने झोपडीचं दार ढकललं.

फळी रिकामी होती.

तिने फळीवरून हात फिरवला. बाकाखाली पाहिलं, चुलीमागे पाहिलं. झोपडी झाडलेली होती. कोपऱ्यात सुकी लाकडं फोडून छातीएवढी रचून ठेवलेली होती, प्रत्येक तुकड्याची साल वरच्या बाजूला. शेजारी पेटवायला बारीक ढलप्या, जुडी बांधल्यासारख्या नीट. बाहेरच्या जाळीच्या कपाटात हरणाच्या मांसाचा मोठा तुकडा कापडात गुंडाळून टांगलेला होता.

लाकडं सालीकडून वर रचणारा खोऱ्यात एकच माणूस होता. आणि तो माणूस दारात उभा होता.

"इहाया."

"हं."

"गेल्या आठवड्यात शिकारीला तुम्ही कुठे उतरलात?"

"इथेच की." त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "सिस, ती फळीवर होती. फळीवर असेल ते येणाऱ्याचं. तूच मला लहानपणी शिकवलंस."

"मी तुझ्याहून लहान आहे, माकडा."

"तरी तूच शिकवलंस. आम्ही तिघं भिजलेलो होतो. एवढी अंडी बघून आम्हाला वाटलं, कुणीतरी देवमाणूस येऊन गेला. त्याच्या बदल्यात दिवसभर लाकडं फोडली मी. मांस ठेवलं. फुकट नाही खाल्ली."

मेरेआनाला राग आला, पण तो त्याच्यावर काढता येत नव्हता. कारण रीत खरीच तशी होती. झोपडीत कुणी कुणाला ओळखत नाही. जो येतो तो फळीवरचं खातो, जाताना पुढच्या माणसासाठी लाकडं फोडून ठेवतो आणि काही उरलं असेल तर फळीवर ठेवून जातो. आमच्या डोंगरात माणसं त्यावर जगली आहेत. फळीवर ठेवलं म्हणजे दिलं. आपल्यासाठी ठेवायचं असेल तर बाकाखाली ठेवावं, हे तिला शेंबड्या पोराइतकं ठाऊक होतं. तिथे उंदरांनी भोक पाडलेलं होतं म्हणून तिने दोन आठवड्यांपूर्वी, फारसा विचार न करता, अंडी फळीवर ठेवली होती. इहायाने खाल्ली यात त्याची काडीचीही चूक नव्हती. त्यामुळे तिला त्याचा जास्तच राग आला.

"मांस लावू पेट्यांत," इहाया म्हणाला.

"चार दिवसांत सडेल. स्टोट सडक्याला तोंड लावत नाही, आणि आपल्याला महिनाभर टिकणारं हवंय."

"मग संपलंच म्हणायचं. सिस, खरं सांगतो, मला वाईट वाटतंय. पण आता काय अंडी मी घालू?"

मेरेआना पायरीवर बसली. तिने बटाट्याच्या आंबवणाचा रेवेना पाव काढला, लोणी लावलं, अर्धा त्याला दिला आणि आपला अर्धा संपवला. मग उठली.

"तुझी बॅटरी किती आहे?"

"अर्ध्याहून जरा कमी. का?"

"आलास त्या वाटेने परत वर जा. मी अंडी ठेवलीत त्यातली प्रत्येक दुसऱ्या पेटीतली काढून घे. मोज्यात भर, मधे शेवाळ घाल. वर पोच, पांढऱ्या दगडांतून नदी ओलांड आणि चिमट्याकडे ये. मी पलीकडून चढत येते. त्या पेट्या हिवाळाभर बंद आहेत. गंज काढून सापळे चालू करायलाच मला दुपार लागेल. तू येशील तेव्हा फक्त अंडी ठेवायची राहतील."

"अगं, मग दोघंही अलीकडूनच वर जाऊ. ओलांडू एकत्र."

"आणि पाणी आधीच आलं तर? दोघंही अलीकडे बसू नदीकडे बघत. एक जण पलीकडे हवाच."

"बॅटरी वरपर्यंत पुरायची नाही."

"मग ढकल."

इहायाने तिच्याकडे पाहिलं. त्याला सांगायच्या पुष्कळ गोष्टी होत्या, आपल्या वयाच्या, पोटाच्या, त्या सायकलच्या वजनाच्या. मेरेआनाने सहाही मोजे त्याच्या हातात ठेवले. तो ते घेऊन निघाला आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला.

झुलत्या पुलावर हँडल मावत नाही. मेरेआनाने सायकल मागच्या चाकावर उभी केली आणि नाठाळ घोड्याला धरून न्यावं तशी नेली. पलीकडची चढण तिने सर्वांत हलक्या गिअरमध्ये घेतली. मांड्या पेटल्या, तरी पाय फिरत राहिले. जिथे दरड पडली होती तिथे सायकल खांद्यावर आली. तिने खाली बघायचं टाळलं आणि किती चढण उरली ते मोजायचंही टाळलं. तोंडाने मात्र ती इहायाला शिव्या घालत होती. त्या संपल्यावर स्वतःला घातल्या, आणि त्याही संपल्यावर स्टोट इथे आणणाऱ्या त्या शहाण्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. चढणीला त्याची चांगली मदत होते.

पाऊस उद्या यायचा होता. तो दुपारीच आला. आधी पानांवर नुसता आवाज, मग नेच्यांवरून धारा. मेरेआनाने रेनकोटची टोपी ओढली आणि चिमट्याच्या पहिल्या पेटीचं झाकण उघडायला घेतलं. स्क्रू गंजले होते. बोटं गार पडली, पेचकस दोनदा हातावर घसरला, अंगठ्याच्या मुळाशी रक्त आलं. तिने अंगठा चोखला आणि पुढची पेटी घेतली. सहाव्या पेटीशी पोचली तेव्हा तिला कपार दिसत होती, काळी, नेच्यांच्या पडद्याआड. ती जवळ गेली नाही. घरट्यावर बसलेली मादी एकदा भिऊन उठली तर परत येईलच असं नाही. आत कुणी आहे की नुसती पिसं आहेत, हे तिला कळायचा मार्ग नव्हता. नर खडकावरच होता.

मग ती पांढऱ्या दगडांपाशी गेली. दगड दिसतच नव्हते. नदी चहाच्या रंगाची झाली होती आणि तिच्यातून फांद्या वाहत येत होत्या. आमच्याकडे रंग बदललेल्या नदीत कुणी पाय घालत नाही. ज्यांनी घातला त्यांची नावं आम्हाला माहीत आहेत.

पलीकडे इहाया उभा होता. चिखलाने भरलेला, सायकल आडवी टाकून, दोन्ही हातांनी छातीशी काहीतरी कवटाळून. त्याने एक पाय पाण्यात टाकला.

"नाही!" मेरेआना ओरडली. "मागे हो! इहाया, पाय काढ!"

आवाज पोचला नसेल, पण हात पोचले. त्याने पाय काढला. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. अंडी पलीकडे, पेट्या इकडे आणि मधे नदी. मेरेआनाला वाटलं, इथे खाली बसावं आणि मागच्या वर्षीसारखं रडून घ्यावं. ती बसली नाही. तिने हाताने खालची बाजू दाखवली. चिमटा. तिथे दोन्ही कडे जवळ येतात, एखाद्या घराच्या अंगणाएवढंच अंतर उरतं.

इहाया खडकांवरून धडपडत, घसरत, एकदा चक्क बसकण मारत खाली आला. समोरासमोर आल्यावर तिने एक हात मागे नेऊन फेकायची खूण केली. तो आधी बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते तिने त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ज्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला नाही ती सिद्ध करायची संधी साठाव्या वर्षी भर पावसात चालून आली होती.

पहिला मोजा त्याने दोन्ही हातांनी डोक्यामागून, रग्बीतल्यासारखा, सरळ रेषेत फेकला. तो सरळ रेषेतच नदीत पडला.

"वजन!" मेरेआना ओरडली. "ओला आहे तो! जास्त जोर लाव!"

दुसरा तिच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या कड्यावर आपटला. तिने वळून पाहिलं. मोज्यातून पिवळं गळत होतं. तिसरा आला तेव्हा तिने हात लांब केले आणि मोजा येईल तसे मागे घेतले, नेटबॉल खेळताना घ्यायची तसे. तो तिच्या पोटाशी येऊन विसावला. तिने गाठ सोडली. शेवाळात चार अंडी, एकालाही तडा नाही. तिने मोजा डोक्यावर धरून हलवला आणि पलीकडे इहायाने दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की नराने खडक सोडून दुसरा धरला.

चौथा खाली पडला आणि नदीने नेला. मग इहाया थांबला. उरलेले दोन मोजे बहुतेक वाटेत कुठेतरी पडले होते. त्याच्या टोपीत अजून तीन अंडी होती, पण ती भरायला काही नव्हतं. तो मटकन खाली बसला, एक बूट काढला आणि पायातला मोजा काढला. दिवसभर चिखल तुडवलेला. त्यात अंडी घातली, शेवाळ ठासलं, गाठ मारली. उभा राहून त्याने मोज्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं आणि फेकला. तिने तो एकट्या उजव्या हाताने हवेतच धरला. त्या मोज्यातलं एक अंडं तिच्याच मुठीत फुटलं.

पाच पेट्यांत पाच अंडी गेली. एक अखंड अंडं उरलं होतं, तेही सहाव्या पेटीशी पोचता पोचता हातातून निसटून खडकावर फुटलं, कारण बोटांत जीव उरला नव्हता. सहावी पेटी कपारीला सर्वांत जवळची होती. मेरेआना तिच्यापुढे गुडघे टेकून बसली. तिच्याकडे आता इहायाचा एक मोजा होता, बलकाने भिजलेला आणि इहायाच्या पायाने आधीच समृद्ध झालेला. तिने तो घडी घालून सापळ्यामागे ठेवला आणि झाकण बंद केलं. वास तरी येईल, ती स्वतःशी म्हणाली. देवा, वास तरी येऊ दे.

परत जायला एकच वाट होती, जी कुणी उतरत नाही. कड्याच्या पट्टीवर ती सायकल बाहेरच्या अंगाला धरून चालली, म्हणजे गेलीच तर आधी सायकल जाईल. जिथे जंगल रुंद झालं तिथे बसली. चाकं घसरत होती, चष्म्यातून काही दिसत नव्हतं, ब्रेक नुसते कोकलत होते. ती दोनदा पडली आणि दोन्हीदा आधी पाठ सांभाळली. मग लक्षात आलं, पिशवीत सांभाळण्यासारखं आता काही नाही. त्यानंतर ती जरा मोकळी चालवू लागली.

झुलता पूल ओलांडून झोपडीत शिरली तेव्हा उजेड संपत आला होता आणि तिचे दात वाजत होते. काडेपेटी धरायला हात वळेनात. पण ढलप्या कोरड्या होत्या आणि लाकडं कोरडी होती. एका काडीत चूल पेटली. मेरेआनाने ओले कपडे काढले, तिथलं जुनं कांबळं गुंडाळलं आणि लाकडाच्या त्या छातीएवढ्या ढिगाकडे बघत बसली. इहायाने अंडी खाल्ली नसती तर त्याने एवढी लाकडं फोडली नसती, आणि लाकडं नसती तर आज तिचं काही खरं नव्हतं. तिने जाळीच्या कपाटातून मांस आणलं, हुंगून पाहिलं, कापून तव्यावर टाकलं. फार चविष्ट होतं. त्याचा तिला थोडा रागही आला.

सकाळी ती पुढच्या माणसासाठी लाकडं फोडत होती तेव्हा इहाया आला. चालत आला होता, घाईत दुसरा मोजा न घालताच. हातात गरम चहाची बाटली होती. तो दारात उभा राहिला आणि तिला आपादमस्तक पाहून घेतलं.

"आहेस," तो म्हणाला.

"आहे."

"बायकोने रात्रभर गुरगुर केली. म्हणाली, बहिणीला पलीकडे टाकून आलास?" तो वळून उगाच लाकडं सारखी करायला लागला. "ही साल खाली का केलीस? साल वर पाहिजे."

पाऊस तीन आठवडे पडला. मेरेआना बस चालवत होती, पोरांना दटावत होती आणि रोज गावातल्या पुलावरून जाताना नदीचा रंग बघत होती. चौथ्या आठवड्यात पाणी निवळलं. पांढरे दगड वर आल्याचं कळलं त्याच दिवशी इहाया तिच्या दारात हजर झाला. पाठीवर जादा बॅटरी, आणि पिशवीत बायकोने विणलेले सहा मोजे, अंड्यांनी भरलेले.

यावेळी त्यांनी वरूनच नदी ओलांडली आणि चिमट्याकडे उतरले. पहिल्या पाच पेट्यांतली अंडी जशीच्या तशी होती. मेरेआनाच्या मनात वाईट विचार आला, की स्टोट इकडे फिरकलाच नाही, किंवा फिरकला आणि त्याला अंड्यांची गरज पडली नाही. सहाव्या पेटीचं झाकण तिने सावकाश उघडलं. सापळ्यात स्टोट होता, मोठा नर, तोंड इहायाच्या मोज्यावर ठेवून.

"माझा मोजा!" इहाया म्हणाला. मग स्टोट किती जवळ आला होता ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने कपारीकडे पाहिलं. पेटीपासून कपार दहा पावलांवर होती. मोज्याआधी तो तिकडे जाऊन आला असेल तर?

नर खडकावर होता. एकटा. त्याने शीळ घातली, फि-ओ, आणि पाण्याकडे पाहत राहिला. मागच्या वर्षी अगदी असाच दिसत होता. मेरेआनाला कपारीकडे जावंसं वाटत होतं, पण ती पेटीपाशीच उभी राहिली. एवढ्या कडे-कपाऱ्यांतून सायकल उतरवणारी बाई, दहा पावलं चालायला घाबरली. इहायाने तिचा हात धरला. लहानपणी नदीवर नेताना धरायचा तसाच घट्ट.

आणि मग खालच्या फेसाळ पाण्यातून आवाज आला. शीळ नव्हे. खरखरीत, घोगरा, एखाद्या चिडलेल्या बाईने दात-ओठ खाऊन बोलावं तसा. खडकाच्या आडून मादी आली, मान ताणून, त्या दोघांवर गुरगुरत. तिच्यामागे मुठीएवढी पिल्लं धो धो पाण्यात बुचांसारखी उसळत होती, एक, दोन, आणि आणखी दोन.

"शिव्या घालतेय," इहाया हळूच म्हणाला.

"घालू दे." मेरेआना रडत होती आणि तिने डोळे पुसले नाहीत. "हव्या तेवढ्या घालू दे तिला."

मादी गुरगुरत राहिली. इहाया खडकावर टेकला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत एक अक्षरही न बोलता ऐकत बसला.